'अप्रत्यक्षपणे' या शब्दावर माझी नजर थांबली नव्हती

दर महिन्याला एखादी ज्युनियर कोर्टातल्या वकिलांच्या बार रूममध्ये शेजारी येऊन बसते आणि हळूच विचारते, "मॅडम, इन्स्टाग्रामवर वकिलीचं पान काढलं तर चालतंय काय?" चालतंय. काढ. पण त्याआधी माझ्या हातून काय झालं ते ऐक. मला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्याची किंमत मी एकटीने भरली नाही, माझ्या पक्षकारांनीही भरली.

सनद मिळाली, एआयबीई ही बार कौन्सिलची परीक्षा झाली, सीनियरच्या ऑफिसात टेबलाचा एक कोपरा मिळाला. त्यानंतरची दोन-तीन वर्षं कशी जातात ते तुम्हाला ठाऊक आहे. मी खानापूर तालुक्यातली. घरात वकील कुणी नाही, शाळा मराठी. रोज बसने बेळगावला यायचं, सीनियरसाठी तारखा घ्यायच्या, संध्याकाळी परत. स्वतःचं काम म्हणून महिन्याला एखादं शपथपत्र. वडील-आजोबा वकील असलेल्या घरातल्या मुलांकडे पहिल्याच वर्षी फाइली असतात. आपल्याला लोक ओळखतच नाहीत, तर येणार कुठून? म्हणून मी मोबाइल हातात घेतला. त्या हेतूची मला आजही लाज वाटत नाही. तुम्हीही वाटून घेऊ नका.

नियम तुम्ही परीक्षेसाठी वाचलाय: बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतला नियम 36. वकिलाने काम मागायचं नाही, जाहिरात करायची नाही. मीही एवढंच लक्षात ठेवलं होतं. जाहिरात म्हणजे पैसे देऊन छापलेली, अशी माझी पक्की समजूत होती. पण त्या वाक्यात 'प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष' असं म्हटलंय. पुढे यादी आहे: परिपत्रकं, दलाल, वैयक्तिक संदेश, ओळख नसताना घेतलेल्या भेटी, वर्तमानपत्रात मजकूर पुरवणं किंवा तो यावा म्हणून हालचाल करणं, आणि आपण चालवलेल्या खटल्याच्या संदर्भात आपला फोटो छापून आणणं. यातल्या शेवटच्या दोन गोष्टी मी एकाच दिवशी केल्या.

वाटणी दावा होता. तीन बहिणी वादी, एकुलता एक भाऊ प्रतिवादी. वडिलोपार्जित जमीन. मुलींचा हक्क हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या विनीता शर्मा निकालाने पक्का झालेला, त्यामुळे कायद्याची लढाई फार अवघड नव्हती. अवघड होतं ते बहिणींना कोर्टाची पायरी चढायला लावणं. थोरल्या बहिणीला मी अक्का म्हणते. प्राथमिक हुकूमनामा, म्हणजे कुणाचा किती हिस्सा ते ठरवणारा निकाल, आमच्या बाजूने झाला. अक्काच्या मुलाने कोर्टाच्या गेटवर आमचा चौघींचा फोटो काढला, मी मधे, हातात निकालाची प्रत. त्याने तो तालुक्यातल्या एका बातम्यांच्या फेसबुक पानाला दिला. तासाभरात पान चालवणाऱ्याचा फोन आला, "मॅडम, दोन ओळी सांगा की, आणि एक चांगला फोटो पाठवा." मी सांगितल्या आणि पाठवला. संध्याकाळी गावाच्या आणि आडनावाच्या उल्लेखासह पोस्ट आली, 'बहिणींना हक्क मिळवून देणाऱ्या वकील'. मी ती माझ्या पानावर शेअर केली, स्टेटसलाही ठेवली. तीन दिवसांत चौदा फोन आले. इतके फोन मला आख्ख्या वर्षात आले नव्हते.

आता काय बिघडलं ते नीट सांगते.

निकालाच्या आधी गावातल्या दोन जाणत्या माणसांमार्फत भावाचं बोलणं चालू होतं. निकाल विरुद्ध गेला तर अपील करायचं नाही, एफडीपीपर्यंत, म्हणजे अंतिम हुकूमनाम्याच्या कामापर्यंत ओढायचं नाही, सर्व्हेअर बोलवून बांध घालून मोकळं व्हायचं, असं तो बोलला होता. पोस्ट आली आणि त्याचं आडनाव गावभर झालं. खाली लोकांनी त्याच्याबद्दल नको नको ते लिहिलं. तीस दिवसांच्या मुदतीत त्याने अपील घातलं आणि स्थगिती घेतली. त्या वर्षी गणपतीला तिन्ही बहिणींना माहेरचं बोलावणं आलं नाही. अक्का मला एक शब्द बोलली नाही. तारखेला येत राहिली, डबा घेऊन.

भावाच्या वकिलांकडून मला नोटीस आली, राज्य बार कौन्सिलकडे तक्रार करू म्हणून. वकील कायद्याच्या कलम 35 खाली समज, निलंबन, नाहीतर सनदच रद्द, एवढं सगळं होऊ शकतं. त्या रात्री मी जेवले नाही. बार असोसिएशनमधल्या एका ज्येष्ठ वकिलांकडे गेले. त्यांनी पुस्तक काढलं, नियम 36 उघडला आणि म्हणाले, "मोठ्याने वाच." वाचता वाचता मी 'अप्रत्यक्ष'वर थांबले. मी सगळं काढून टाकलं, त्या पानालाही काढायला लावलं, लेखी खुलासा दिला. तक्रार पुढे गेली नाही. पण स्क्रीनशॉट परत आणता येत नाहीत.

म्हणून हे पुन्हा सांगते, कंटाळा आला तरी वाचा. पक्षकाराने आपल्या मनाने पोस्ट टाकली, तर ती तुमची जाहिरात नाही. तुम्ही तिला फोटो दिलात की झाली. दोन ओळी सांगितल्यात की झाली. तुम्ही काहीच दिलं नाही, नुसती शेअर केलीत, तरी झाली, कारण आता ती तुमच्या नावाने फिरते. व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस 'घरगुती' नसतं, तुमच्या यादीत विरुद्ध पक्षाचा मेहुणा असतोच. नाव न घालता टाकलं तर? 'तीन बहिणी, एक भाऊ, अमुक तालुका' एवढ्यावर आपल्या खेड्यात माणूस दोन मिनिटांत ओळखतात. जामिनाच्या आदेशाचा फोटो नाव पुसून टाकणारे मी रोज बघते. तोही नको. निकाल सार्वजनिक कागद आहे, वर्तमानपत्राने स्वतः छापला तर छापू दे, त्यात तुमचा हात नसावा. पक्षकाराने पोस्टमध्ये टॅग केलं तर टॅग काढा आणि त्याला फोन करून समजवा, 'बाबा रे, अपिलाची मुदत अजून संपलेली नाही.' पक्षकाराने आपल्याला सांगितलेलं गुपित राखायचं बंधन नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम 132 मध्येही आहे, आणि काम संपलं तरी ते संपत नाही. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड करणं तर स्वतंत्र गुन्हाच आहे. तिथे 'जागृतीसाठी' हा बचाव मनातही आणू नका.

एवढं वाचून पान बंद करून बसू नका. मीही सहा महिने घाबरून सगळं बंद ठेवलं होतं, त्याची गरज नव्हती.

नियम 36 च्या 2008 मधल्या दुरुस्तीपासून वकिलाला स्वतःची वेबसाइट ठेवता येते. त्यात काय घालायचं ते ठरलेलं आहे: नाव, पत्ता, फोन, ईमेल, सनदेचा क्रमांक आणि तारीख, कुठल्या राज्याच्या बार कौन्सिलची, कुठल्या बार असोसिएशनचे सदस्य, शिक्षण आणि कोणत्या प्रकारची कामं करता ते. त्यासोबत माहिती खरी असल्याची घोषणा. एक पान पुरे. गंमत अशी की दारावरच्या पाटीवर 'दिवाणी तज्ज्ञ' लिहायला मनाई आहे, पण वेबसाइटवर कामाचं क्षेत्र सांगता येतं. फरक लक्षात ठेवा. 'तज्ज्ञ', 'नंबर एक', 'यशाचं प्रमाण' हे शब्द कुठेच नकोत. माझं पान मराठीत आणि कन्नडमध्ये आहे. कन्नड मजकूर कोर्टातल्या एका मैत्रिणीने तपासून दिला.

यावर माझं ठाम मत आहे: मराठी शाळेतून आलेल्या ज्युनियरने रील बनवायला शिकण्याआधी कन्नड वाचायला शिकावं. तालुका कोर्टात साक्ष कन्नडमध्ये नोंदवली जाते, जमिनीचा उतारा कन्नडमध्ये असतो. तुमच्याकडे येणाऱ्या मराठी माणसाला नेमकं तेच वाचता येत नसतं. तुमची गरज तिथे आहे. सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्यावर तुमचं मत असेलच, माझंही आहे. वकिलीच्या पानावर मी ते लिहीत नाही. माझ्याकडे दोन्ही भाषांचे लोक भांडण घेऊन येतात, आणि दोघांनाही दारात निर्धास्त वाटलं पाहिजे.

मला खरी कामं कशाने मिळाली? एका साध्या व्हिडिओने. आर्टीसीचा, म्हणजे आपल्या उताऱ्याचा एक नमुना घेतला, नावं झाकली आणि मराठीत समजावलं: रकाना 9 मध्ये मालकाचं नाव आणि क्षेत्र, 10 मध्ये जमीन त्याच्याकडे कशी आली, 11 मध्ये बोजा आणि इतर हक्क, 12 मध्ये कसणारा आणि पीक. चार मिनिटं. पुण्या-कोल्हापुरात स्थायिक झालेल्या आणि इकडे जमीन राहिलेल्या माणसांनी तो एकमेकांना पाठवला. त्यांना सातबारा वाचता येतो, आर्टीसी येत नाही. दुसरा व्हिडिओ चंदगडला सातबारा आणि खानापूरला उतारा असलेल्या कुटुंबांसाठी होता. एकाच वादातली स्थावर मिळकत वेगवेगळ्या न्यायालयांच्या हद्दीत असेल तर त्यातल्या कुठल्याही एका न्यायालयात दावा घालता येतो, दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 17. असे प्रश्न आपल्याच भागात पडतात, मुंबईच्या वकिलाच्या व्हिडिओत त्यांचं उत्तर मिळत नाही. शेवटी 'संपर्क करा' मी कधी म्हणत नाही, नंबर दाखवत नाही. ही सर्वसाधारण माहिती आहे, आपली कागदपत्रं आपल्या वकिलाला दाखवा, एवढंच सांगते. ज्याला यायचं तो शोधून येतो.

व्हॉट्सअ‍ॅपबद्दल थोडक्यात. कामाचा नंबर वेगळा ठेवा, बिझनेस अ‍ॅपमध्ये 'सध्या कोर्टात आहे, सहानंतर बोलू' असा आपोआप जाणारा निरोप लावा. अनोळखी लोकांना निरोप पाठवू नका, ती काम मागणीच. असलेल्या पक्षकारांना ई-कोर्ट्स अ‍ॅप उतरवून द्या, त्यांच्या खटल्याचा 16 अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक, म्हणजे सीएनआर, त्यात भरून द्या. पुढची तारीख त्यांना स्वतःला दिसते, तुमचे रात्रीचे निम्मे फोन कमी होतात आणि विश्वास वाढतो. चार पक्षकारांनी चार घरांत सांगितलं की ते पुरतं.

'गुगलवर पहिल्या पानावर आणतो, महिन्याला इतके पक्षकार देतो' असं सांगणारा माणूस तुमच्याकडे येणारच. माझ्याकडे आला तेव्हा पंधरा हजार मागत होता आणि त्यात तीस 'रिव्ह्यू' होते. मी त्याला विचारलं, हे तीस लोक कोण? उत्तर नव्हतं. हे करू नका. पैसे घेऊन काम आणून देणारा तो दलालच, मग तो कोर्टाच्या आवारात उभा असो की संगणकावर बसलेला असो. मद्रास उच्च न्यायालयाने 3 जुलै 2024 ला पक्षकार मिळवून देणाऱ्या ऑनलाइन पोर्टलवरून काम मिळवणाऱ्या वकिलांवर कारवाई करायला बार कौन्सिलला सांगितलं. 17 मार्च 2025 ला बार कौन्सिल ऑफ इंडियाने समाजमाध्यमांवरच्या प्रचारावर पुन्हा स्पष्ट इशारा दिला. आणि वकिली हा व्यापार नाही हे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र बार कौन्सिल विरुद्ध दाभोळकर या प्रकरणात 1975 मध्येच सांगितलंय. त्यात मोबाइलचा उल्लेख नाही म्हणून सुटका होत नाही.

सीनियरांबद्दल एक बोलायचंय. 'काम करत राहा, नाव आपोआप होतं' हे वाक्य मी शंभरदा ऐकलंय. ते खरं आहे, पण ज्या ज्युनियरला वर्षभर नुसत्या तारखा घ्यायला लावतात, तिचं नाव कशातून होणार? तिला एक तरी उलटतपासणी द्या. ती मोबाइल वापरते म्हणून रागावण्याआधी तिला नियम 36 वाचून दाखवा. माझ्या त्या ज्येष्ठांनी उशिरा का होईना, तो वाचायला लावला, म्हणून मी आज कोर्टात उभी आहे. असं कुणीतरी शोधा. ते तुमच्याच ऑफिसातलं असायला हवं असं नाही.

अक्काच्या भावाचं ते अपील आता मध्यस्थीकडे गेलंय. गेल्या तारखेला भाऊ आला, तीन वर्षांत पहिल्यांदा बहिणींच्या समोर बसला. बोलणं जमिनीवरून सुरू झालं नाही. त्याने खिशातून मोबाइल काढला, तो जुना स्क्रीनशॉट दाखवला आणि मला विचारलं, "वकीलबाई, हे तुम्ही टाकलं होतं काय?" मी हो म्हटलं आणि माफी मागितली. अक्काने डब्यातली चपाती त्याच्यापुढे सरकवली. पुढची बैठक महिनाअखेरीला आहे.