पंचगंगा ३९ फुटांवर जायच्या आत पिण्याच्या पाण्याची तयारी

राजाराम बंधाऱ्याला पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा आणि ४३ ला धोका, हे कोल्हापुरातल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं, पण त्या आकड्यावरून आपण गाडी कुठं लावायची आणि सामान माळ्यावर कधी चढवायचं एवढंच ठरवतो, पिण्याच्या पाण्याचं कुणी बघतच नाही. २०१९ ला आणि परत २०२१ ला नदीकाठची उपसा केंद्रंच बुडाली, पंप बंद, आणि ज्यांच्या गल्लीत पुराचं पाणी आलंच नाही त्यांच्या नळालाही कितीतरी दिवस थेंब नव्हता. चोहीकडं पाणी आणि आपण टँकरमागं कळशी घेऊन. म्हणून हे सगळं जूनमध्येच उरकून टाका, पाऊस लागल्यावर कुणी माणूसही मिळत नाही कामाला.

सगळ्यात आधी अंगणातली खालची टाकी बघा. १९ च्या पुरात पाणी आमच्या गेटपर्यंत येऊन थांबलं, घरात शिरलं नाही म्हणून आम्ही निर्धास्त, पण टाकीचं झाकण फरशीच्या बरोबरीला होतं आणि त्याचा एक कोपरा तडकलेला. चार दिवसांनी उघडलं तर वरचं पाणी अगदी काचेसारखं नितळ, मी कळशी बुडवणारच होते, सासूबाई म्हणाल्या आधी काठी घालून बघ. काठी घातली तर तळाला बोटभर मऊ गाळ, आणि जरा ढवळल्यावर गटाराचा वास वर आला. तेव्हापासून नितळ पाण्यावर माझा विश्वास नाही. तर झाकणाभोवती वीतभर कठडा बांधून घ्या, ओव्हरफ्लोच्या पाइपला बारीक जाळी, आणि वरच्या टाकीचं झाकण वाऱ्यानं उडणार नाही असं बांधा. टाकी घासून धुवायची, मग पुन्हा भरून हजार लिटरला दीडशे ग्रॅम ताजी टीसीएल पावडर (म्हणजे ब्लीचिंग पावडर) कालवून रात्रभर ठेवायचं आणि सकाळी ते पाणी सगळं काढून टाकायचं, हे पाणी प्यायचं नाही हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. टाकीत उतरताना मोटरचा मेन स्विच बंद, वर एक माणूस उभा, आणि पावडरीबरोबर संडास धुवायचं अ‍ॅसिड चुकूनही नको, त्याचा विषारी गॅस होतो.

मग नळाला डायरेक्ट मोटर लावायची सवय बंद करा. हे मी गल्लीत बोलून वाईटपणा घेतलाय पण परत सांगते. पाणी सुटलेलं नसतं तेव्हा लाइन रिकामी असते, पावसात तिच्या आजूबाजूची माती गटाराच्या पाण्यानं चिंब, कुठं जॉइंट लीक असला की ते आत झिरपतं आणि मोटरनं खेचलं की आणखी जोरात ओढलं जातं, आपल्याही घरात आणि शेजाऱ्याच्याही. आपल्याच जिल्ह्यात इचलकरंजीला २०१२ मध्ये काविळीची केवढी साथ आली होती, माणसं गेली. पाणी आल्यावर पहिल्या दोन-तीन बादल्या फरशीला, संडासाला वापरा, हंडा त्यानंतर लावा.

साठ्याचा हिशोब सोपा आहे, पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी रोज पाच लिटर धरा, चार माणसांना पाच दिवस म्हणजे शंभर लिटर, वीस लिटरचे पाच झाकणाचे कॅन. केमिकलचे जुने कॅन नकोत, कितीही धुतले तरी. ३९ फूट ऐकलं की भरून ठेवायचे, ४३ ची वाट बघायची नाही.

आता पाणी शुद्ध करायचं, आणि इथंच क्रम चुकतो. गढूळ पाण्यात लोक सरळ मेडिक्लोर (पाणी शुद्ध करायचे क्लोरीनचे थेंब) टाकतात, ते औषध त्या मातीतच खर्ची पडतं आणि जंतू तसेच राहतात. आधी जुन्या सुती साडीच्या चार घड्यांतून गाळा, बांगलादेशात नुसत्या अशा गाळण्यानं कॉलरा जवळपास निम्म्यावर आला होता, मग तुरटीचा खडा हंड्यात दोन-चार वेळा फिरवून पाणी निवळू द्या, वरचं दुसऱ्या भांड्यात ओता आणि त्यात मेडिक्लोर, बाटलीवर लिहिलंय तेवढेच थेंब, अर्धा तास झाकून, मग प्या. तुरटीनं गाळ बसतो, जंतू मरत नाहीत, हे आमच्या घरातही कुणाला पटत नव्हतं. गॅस असेल तर उकळणं सगळ्यात बेस्ट, खळखळून उकळी फुटली की एक मिनिट पुरतं, वीस मिनिटं गॅस जाळायची गरज नाही, पण नुसतं कोमट करून "उकळलं" म्हणू नका. त्याच भांड्यात गार होऊ द्या.

फिल्टर आहे म्हणून बेफिकीर राहू नका, पुरात लाइट जाते आणि फिल्टरमधला जंतू मारणारा यूव्ही दिवा बंद म्हणजे तो जंतूंपुरता बिनकामाचा. सर्व्हिसिंग मे महिन्यातच करून घ्या. टीसीएलचं पाकीट हवाबंद डब्यात आणि अंधारात ठेवा आणि वर तारीख टाका, मागच्या वर्षीचं उघडं पाकीट फेकून द्या, त्यातला क्लोरीन कधीच उडालेला असतो. आणि लांब दांड्याचं ओगराळं घ्या हो, एवढं सगळं करून शेवटी पोरगं हंड्यात हात घालून तांब्या बुडवतं.

देवघराच्या फळीवर ओआरएसची आठ-दहा पाकिटं असू द्या, एक पाकीट एक लिटरमध्ये, अर्धं पाकीट ग्लासात असलं काही नको, आणि कालवलेलं चोवीस तासांनी ओतून द्यायचं. लहान मूल जुलाबानं मलूल पडलं, लघवी कमी झाली तर पुराचं कारण न सांगता दवाखाना गाठा. घरात गरोदर बाई असेल तर तिला पावसाळाभर उकळलेलंच पाणी, पाण्यातून होणारी ई काविळ तिच्या जिवावर बेतू शकते, म्हणून माहेरी किंवा लग्नाला निघाली तरी घरची भरलेली बाटली तिच्या पिशवीत आपणच घाला, ती लाजून नको म्हणाली तरी.