जुन्या बोटीच्या बेसिनचं पाणी तुंबतंय? उधाणाची ओहोटी गाठा

नवी मुंबईतल्या दिवाळे, सारसोळे भागातल्या जुन्या फायबर बोटींच्या बेसिनचं पाणी तुंबतं, आणि तळाकडचा व्हॉल्व्ह फिरता फिरत नाही. त्यासाठी दर वेळी बोट वर ओढायची गरज नाही.

१. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास मोठी ओहोटी असते. बोट चिखलात टेकली आणि बेसिनचं पाणी बाहेर पडायचं भोक उघडं पडलं की कामाला लागा.
२. बाहेरून लाकडी काठीने भोकातला गाळ आणि चिकटलेली शिंपलं खरवडा. लोखंडी सळई नको, व्हॉल्व्हच्या आतल्या सीलला चरे पडतात.
३. व्हॉल्व्ह बंद करून बेसिन काठोकाठ कोमट साबणपाण्याने भरा आणि व्हॉल्व्ह एकदम उघडा. पाण्याच्या वजनानेच तेलकट थर सुटून येतो. दोन-तीनदा करा.
४. त्या भोकात बसवलेलं पितळी फिटिंग जरा घासून बघा. पिवळ्याऐवजी तांबूस-गुलाबी रंग दिसला तर पितळातलं जस्त निघून गेलंय. असं फिटिंग दिसायला धडधाकट असतं, पण हातोडीच्या टोल्याने तुटतं. ते बदलाच, आणि नवीन घेताना पितळेऐवजी ब्राँझचं घ्या.
५. होजच्या (बेसिनपासून व्हॉल्व्हपर्यंतच्या नळीच्या) क्लिपा गंजल्या असतील तर स्टेनलेसच्या लावा.

एरवीही व्हॉल्व्ह महिन्यातून एकदा उघड-बंद करत जा, म्हणजे तो जाम होत नाही.

बोट पाण्यात असताना व्हॉल्व्हच्या जाम दांड्याला पाइप लावून जोर मुळीच करू नका. फिटिंग तुटलं तर पाणी थेट आत येतं. अशा वेळी भोकात ठोकायला भोकाच्या मापाची निमुळती लाकडी खुंटी प्रत्येक व्हॉल्व्हजवळ दोरीने बांधून ठेवा.