नदीची सवय खाडीत नको: हलक्या रॉडवर जिताडा धरायला जाताय तर या चुका टाळा

सांगलीची पोरं गळ टाकण्यात कच्ची नाहीत. हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावर आमचं लहानपण गेलं, कणकेच्या गोळ्यावर रोहू, बेडकीवर मरळ, सगळं करून झालंय. पण गेली काही वर्षं आमचा ग्रुप दाभोळच्या खाडीत जातोय, इस्लामपूर-कराड-पाटण करत कुंभार्ली घाट उतरायचा, तिथला गाईड आणि त्याची होडी घ्यायची, दुपारपासून मध्यरात्रीपर्यंत जिताडा आणि तांबोशी या खाडीतल्या शिकारी माशांच्या मागं राहायचं. दर वेळी नवीन आलेले दोघं-तिघं रिकाम्या हातानं परत येतात आणि कारण बहुतेक एकच असतं, खाडीत उभं राहून कृष्णेतली मासेमारी करतात.

सगळ्यात मोठी चूक तर सांगलीतच होते, बुकिंग करताना. सुट्टी बघून तारीख धरतात आणि मग गाईडला फोन करतात. भावांनो, उलटं करा, आधी गाईडला विचारा पाणी कसंय, मग रजा टाका. आपली नदी एकाच दिशेनं वाहते, खाडीचं पाणी दिवसातनं दोनदा चढतं, दोनदा उतरतं, आणि रोज जवळजवळ पाऊण तास उशिरा. कोकणातली जुनी माणसं हे कागदाशिवाय काढतात, तिथीची पाऊणकी करायची, म्हणजे षष्ठी असेल तर सहाला तीननं गुणून चारनं भागायचं, साडेचार आले, तर साडेचारच्या सुमारास पूर्ण भरती. हा अंदाज आहे, आणि खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा येते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी जोरात धावतं आणि गढूळ होतं, अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी मऊ असतं. मला स्वतःला षष्ठीची संध्याकाळ आवडते, कारण साडेचारला भरती संपून पाणी उतरायला लागतं ते नेमकं तिन्हीसांजेला पकड घेतं, कांदळवनात शिरलेली बोय मासळी आणि कोळंबी बारक्या ओहोळांतनं बाहेर यायला लागते आणि त्या ओहोळाच्या तोंडावर जिताडा तोंड आ करून थांबलेला असतो. भरती पूर्ण भरून पाणी थांबलं की चावा पण थांबतो, तेव्हा उगं ल्युअर, म्हणजे नकली आमिष, बदलत बसू नका, चहा प्या, दोऱ्या तपासा.

एक गोष्ट आपल्याकडच्या माणसाला ऐकून भारी वाटेल, कोयनेचं पाणी वीजघरातनं खाली गेलं की वाशिष्ठीला मिळतं, म्हणजे चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत येणारं बरंचसं पाणी आपल्या साताऱ्याच्या डोंगरातलंच. गोडं पाणी हलकं म्हणून वर राहतं, खारं जड म्हणून खाली बसतं. त्यामुळं खाडीच्या वरच्या अंगाला ल्युअर वरच्यावर ओढत बसलं तर कधी कधी तासभर काहीच होत नाही, जरा जड जिग हेड (वजन बसवलेला गळ) लावून तळाजवळनं आणलं की टक् करून चावा येतो. आणि हो, वाशिष्ठीत मगरी आहेत, भिलवडी-औदुंबरच्या माणसाला वेगळं सांगायला नको, रात्री काठाला पाण्यात उतरायचं नाही म्हणजे नाही.

आता हिसका. नदीत चावा आला की आपण रॉड डोक्यावरनं मागं फेकतो. माझ्या आतेभावानं पहिल्याच रात्री हेच केलं, जिवंत कोळंबीला सर्कल हूक, म्हणजे टोक आत वळलेला गळ, लावलेला होता, मासा घेऊन चालला होता, यानं हिसका दिला आणि गळ कोळंबीसकट बाहेर. गाईड शांतपणे म्हणाला, "भाऊ, हिसका देऊ नका, नुस्तं गुंडाळत रहा, तो आपला आपण लागेल." सर्कल हूकला हेच लागतं, दोरी ताणली की तो जबड्याच्या कोपऱ्यात जाऊन बसतो. ल्युअरवर मात्र एक घट्ट बाजूचा ओढा द्यावा लागतो कारण जिताड्याचं तोंड कडक असतं, पण ब्रेड (विणलेली दोरी) ताणत नाही, त्यामुळं हातभर ओढा पुरतो. मासा उडी मारून डोकं झाडायला लागला की रॉडचं टोक खाली घ्या आणि दोरी सैल सोडू नका.

दोरी सारखी तुटतीय? मग ड्रॅग, म्हणजे मासा ओढतो तेव्हा दोरी सोडणारा रीळचा ब्रेक, जास्त आवळलाय. वीस पाउंडाची ब्रेड म्हणजे साधारण नऊ किलो, ड्रॅग त्याच्या पाव ते तिसऱ्या हिश्शाचा ठेवायचा. घरी काटा नसेल तर दोन लिटरची पाण्यानं भरलेली बाटली दोरीला बांधा, रॉड न वाकवता रीळमधनं सरळ उचला, बाटली जेमतेम उचलली जाऊन दोरी सुटायला लागली की ड्रॅग बरोबरच्या जवळ आला. एका रात्री तुटलेली लीडर, म्हणजे ब्रेडच्या टोकाला गळाआधी बांधायची दोरी, मी टॉर्चखाली बघितली होती, टोकाला केसाळ झाली होती, सँडपेपरनं घासल्यासारखी, म्हणजे तांबोशीनं ती कालवं चिकटलेल्या खडकावरनं नेली होती. तांबोशी गळ लागला की सरळ बिळात घुसते, तिच्यासाठी तीस-चाळीस पाउंडाची फ्लोरोकार्बन लीडर मीटर-दीड मीटर लावा, प्रत्येक माशानंतर दोन बोटांत धरून शेवटचा हातभर तपासा, खरखर लागली की तेवढी कापून टाका. गाठ आवळताना आधी थुंकीनं ओली करा, कोरडी आवळली तर घासून तापते आणि कमजोर होते.

ब्रेडचा गुंता होतोय तर स्पूल (दोरी गुंडाळायची फिरकी) काठोकाठ भरू नका, बेल (दोरी अडवणारी तारेची कमान) हँडल फिरवून बंद करायच्या ऐवजी हातानं बंद करा, आणि गुंडाळायच्या आधी दोरी एकदा ताणून घ्या.

रात्री सगळ्यात वैताग आणतो तो हेडलॅम्प. गाठ मारताना लावा, तोही लाल, पण पाण्यावर मारू नका, मासे दचकतात. जेटीच्या दिव्याखाली उजेडात टाकण्यापेक्षा उजेड आणि सावलीच्या रेघेवर टाका, शिकारी मासा सावलीत थांबून उजेडातली बोय बघत असतो. काळोख्या रात्री कधी पाण्यात बारीक जीवांमुळं निळा उजेड चमकतो, दोरी हलली की तिचीही निळी रेघ उमटते, त्या वेळी ल्युअरपेक्षा जिवंत कोळंबी स्थिर ठेवलेली बरी, असं माझं मत आहे.

मासा हाताळताना जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाला बोट लावू नका, कडा सुरीसारखी असते. शिंगाळा माशाचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा, वेदना उतरते, आणि डॉक्टरला दाखवा. केंड (फुगणारा मासा) कितीही मोठा मिळाला तरी खाऊ नका, त्याचं विष शिजवून जात नाही. आणि मोठा जिताडा सोडून द्या, हा मासा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, म्हणजे तुमच्या हातातली ती मोठी मादी पुढच्या पिढीची अंडी घेऊन फिरतेय. तिला जबड्याला धरून लोंबकळत फोटो काढू नका, पोटाखाली दुसरा हात द्या, पाण्यात तोंड प्रवाहाकडं करून धरा आणि ती स्वतः शेपूट मारेपर्यंत सोडू नका.

घाट चढायच्या आधी रीळ गोड्या पाण्याच्या बारीक धारेखाली धुवा, धुताना ड्रॅग आवळलेला ठेवा म्हणजे पाणी आत जात नाही, घरी आल्यावर मात्र सैल करून ठेवा. ल्युअर ओले डब्यात टाकू नका, एक खारट ओला गळ आख्खा डबा गंजवतो.