एक जीव कमी झाला की अन्नसाखळीत पुढे काय होतं, ते स्वतः कसं शोधायचं

अमुक प्राणी संपत चाललाय किंवा तमुक किडा बेसुमार वाढलाय अशी बातमी आली की चर्चा त्या एकाच जीवावर अडकून बसते, फार तर त्याला खाणाऱ्याचं काय होणार एवढं कोणीतरी विचारतं आणि विषय संपतो. मला हे फार खटकतं, कारण खरा फटका बरेचदा दोन-तीन घरं सोडून तिसऱ्यालाच बसतो आणि तिकडे कोणाचं लक्षच नसतं. तो शोधायची पद्धत काही अवघड नाहीये, कागद पेन आणि थोडा धीर एवढं पुरतं, विद्यार्थी असाल किंवा नुसतेच निसर्गात रमणारे असाल तरी जमेल.

सुरुवात अशी करा. कागदाच्या मधोमध त्या जीवाचं नाव लिहा आणि आजूबाजूला पाच गोष्टी मांडा: तो काय खातो, त्याला कोण खातं, त्याच्याच खाण्यावर आणखी कोणाचा डोळा आहे, तो मेल्यावर त्याचं काय होतं, आणि त्याच्यामुळे कोणाला राहायला जागा मिळते. बाण काढताना जो खाल्ला जातो त्याच्याकडून खाणाऱ्याकडे काढायचा, म्हणजे ऊर्जा कुठून कुठे जाते ते दिसतं, उलटसुलट बाण काढले की पुढे सगळा गोंधळ होतो. पहिले दोन प्रश्न सगळेच लिहितात, शेवटचे दोन हमखास राहून जातात.

"काय खातो" हे लिहितानाही एका शब्दात उरकू नका, कोणत्या दिवसांत काय खातो आणि पिल्लांना काय भरवतो तेही लिहा. चीनमध्ये 1958 साली चिमण्या धान्य खातात म्हणून त्यांना मारायची देशभर मोहीम काढली होती. धान्य खातात हे खरंच होतं, पण त्याच चिमण्या किडेही खातात आणि पिल्लांना तर मुख्यतः किडेच भरवतात हा बाण कोणी काढलाच नाही. पिकांवरची कीड वाढली आणि 1960 मध्ये मारायच्या यादीतून चिमणी काढून तिच्या जागी ढेकूण घालावा लागला. त्या वर्षांतल्या भीषण दुष्काळाला बाकी सरकारी धोरणं जास्त जबाबदार होती, पण या मोहिमेनेही त्यात भर घातली.

कागद भरला की मग वाढ आणि घट लिहायची. ज्याला धक्का बसलाय त्याच्यापुढे "घट" लिहा, तो ज्याला खातो त्याच्यापुढे "वाढ", ते ज्याला खातं त्याच्यापुढे परत "घट", असं एकाआड एक खाली उतरत जायचं. उत्तर पॅसिफिकमधलं समुद्री पाणमांजराचं उदाहरण घ्या, त्याला सी ऑटर म्हणतात. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात फरसाठी त्यांची इतकी शिकार झाली की 1911 मध्ये आंतरराष्ट्रीय करार करून ती थांबवावी लागली. हा प्राणी सी अर्चिन खातो, म्हणजे समुद्राच्या तळाशी राहणारे ते काटेरी गोळे. ऑटर गेले, अर्चिन वाढले, आणि अर्चिन खातात केल्प, म्हणजे समुद्रात जंगलासारखं उंच वाढणारं शेवाळ. अर्चिन ते तळाशीच कुरतडतात, त्यामुळे वरचा अख्खा उंच भाग सुटून वाहून जातो. मग त्या केल्पमध्ये लपणारे मासे, त्यांची पिल्लं, बारीकसारीक जीव सगळ्यांचा आसरा गेला. शिकार झाली ऑटरची आणि बेघर झाले मासे, ज्यांचा ऑटरच्या फरशी काडीचाही संबंध नव्हता! आणि अर्चिन उपाशीपोटी वर्षानुवर्षं तग धरतात, त्यामुळे केल्प संपलं म्हणून अर्चिनही संपतील आणि जागा मोकळी होईल असं होत नाही.

पुढचा प्रश्न माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आहे, तो म्हणजे हेच काम करणारं दुसरं कोणी आहे का. उत्तर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर ऑटर शिकारीमुळे कधीचेच नाहीसे झाले होते तरी केल्प टिकून होतं, कारण तिथे अर्चिन खाणारा एक मोठा तारामासा होता, वीसेक हातांचा सूर्यफूल तारामासा. 2013 पासून ताऱ्यामाशांमध्ये एक रोग पसरला आणि तोही जवळजवळ संपला, त्यात समुद्राचं पाणी तापलं आणि काही वर्षांतच तिथलं 90 टक्क्यांहून जास्त केल्प गेलं. पहिला भक्षक गेला तेव्हा वरवर काही बिघडलं नव्हतं, पण पर्याय म्हणून एकच खेळाडू उरला होता. म्हणून कागदावर प्रत्येक कामापुढे ते काम करणारे किती जण आहेत ते लिहा, आणि जिथे एकच नाव येतं तिथे लाल खूण करा.

सगळ्यांचं वजन सारखं नसतं हेही लक्षात ठेवा. रॉबर्ट पेन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1963 मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या एका खडकाळ किनाऱ्यावरच्या छोट्या पट्ट्यातून एकाच जातीचे तारामासे हाताने काढून फेकायला सुरुवात केली. तो तारामासा शिंपले खायचा, तो गेल्यावर शिंपल्यांनी खडक व्यापला आणि बाकीच्यांना चिकटायला जागाच उरली नाही, 15 जातींच्या 8 झाल्या. असा संख्येने थोडा पण परिणामाने मोठा जो जीव असतो त्याला पेनने 1969 मध्ये कीस्टोन हे नाव दिलं.

आता मेल्यानंतरचा बाण. भारतात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या 1992 ते 2007 या काळात 99.9 टक्क्यांनी घसरली आणि बराच काळ कारणच कळत नव्हतं. 2004 मध्ये कळलं की गुरांना देतात ते डायक्लोफिनॅक नावाचं वेदनाशामक त्यांच्या मढ्यातून गिधाडांच्या पोटात जातं आणि त्यांच्या किडन्या निकामी होतात. भारतात 2006 मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. इथे गिधाडांना कोण खातं हा प्रश्न विचारून काहीच हाती लागत नाही, गिधाडं जे साफ करायची ते आता कोण खातंय हे विचारावं लागतं, आणि उत्तर निघतं भटकी कुत्री, ज्यांची संख्या वाढली आणि सोबत रेबीजचा धोकाही.

विषाचा मामला असेल तर वेगळ्या रंगाचं पेन घ्या, कारण इथे हिशोब उलटा चालतो. अन्नातली ऊर्जा प्रत्येक पायरीला घटते, ढोबळमानाने दहातला एक भागच वर पोचतो, म्हणूनच वरचे भक्षक संख्येने कमी असतात. पण डीडीटी या कीटकनाशकासारखं विष चरबीत साठतं, शरीराबाहेर पडत नाही, आणि वरचा प्राणी खालचे ढीगभर जीव खातो त्यामुळे प्रत्येक पायरीला ते दाट होत जातं. अमेरिकेतल्या लाँग आयलंडच्या खाडीतले आकडे प्रसिद्ध आहेत: पाण्यात 0.000003 पीपीएम (म्हणजे दर दहा लाख भागांत इतके भाग), प्राणीप्लवंगात, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांत 0.04, छोट्या माशांत 0.5, मोठ्या माशांत 2 आणि मासे खाणाऱ्या पक्ष्यांत 25 पीपीएम. पाणी तपासलं तर सगळं ठीक वाटेल, आणि वर पक्ष्यांच्या अंड्यांची कवचं इतकी पातळ झालेली की उबवतानाच फुटायची. म्हणून विष शोधायचं तर टोकाला बसलेल्याकडे आधी बघा.

हे सगळं डोळ्यांनी बघायचं असेल तर मावा पडलेलं एक झाड शोधा आणि पान उलटं करा. हिरवे किंवा काळे टाचणीच्या डोक्याएवढे किडे दाटीवाटीने रस शोषत बसलेले दिसतील, त्यांच्यात मुंग्यांची ये-जा असेल कारण मावा गोड चिकट स्राव सोडतो आणि मुंग्या तो चाटतात, बदल्यात माव्याच्या शत्रूंना हुसकावतात. नीट बघितलंत तर इवल्याशा मगरीसारखी दिसणारी राखाडी-नारिंगी अळीही सापडेल, ती लेडीबर्ड या ठिपकेवाल्या भुंगेऱ्याची अळी, माव्यावर ताव मारणारी, आणि लोक तिलाच कीड समजून चिरडतात. आता या झाडावर सरसकट कीटकनाशक मारलं तर मावाही मरतो आणि लेडीबर्डही. पण माव्याच्या माद्यांना नराची गरज लागत नाही, त्या थेट पिल्लं देतात आणि ती पिल्लं आठवडा-दीड आठवड्यात स्वतः पिल्लं द्यायला लागतात, लेडीबर्डला मात्र अंडं ते प्रौढ व्हायलाच तीन-चार आठवडे जातात. म्हणजे वाचलेला मावा आधी फोफावतो, खाणारं कोणी नसताना, आणि पानावर त्या चिकट स्रावावर काळी बुरशी चढते. फवारलेलं आणि न फवारलेलं अशी दोन झाडं निवडा आणि दर दोन-तीन दिवसांनी ठरलेल्या पाच पानांवरचा मावा, लेडीबर्ड आणि मुंग्या मोजून तारखेसकट लिहून ठेवा. पहिल्या आठवड्यात फवारलेलं झाडच चांगलं दिसेल, तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नका.

कारण परिणाम उशिरा येतात, आणि वर कागदावरचे बाण बरोबर असले तरी तेवढ्यानेच सगळं घडलं असं नसतं. त्याच काळात तापमान, पाणी, रोग, शिकार यातलं काय बदललं त्याचा एक वेगळा रकाना ठेवाच. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात 1926 पर्यंत लांडगे संपवले गेले, एल्क नावाची हरणं वाढली, त्यांनी ओढ्याकाठची विलोची झाडं खाल्ली आणि विलोवर जगणारे बीव्हरही, म्हणजे ओढ्यांवर फांद्यांची धरणं बांधणारे प्राणी, कमी झाले. 1995-96 मध्ये 31 लांडगे परत सोडले आणि लांडग्यांनी एकट्याने नद्या-जंगलं सुधारली अशी गोष्ट जगभर पसरली. पण एल्क कमी होण्यात अस्वलं, प्यूमा आणि माणसांची शिकार यांचाही वाटा आहे. आणि बरेच ओढे अजूनही पूर्वीसारखे झालेले नाहीत, कारण बीव्हर गेल्यावर त्यांची धरणं गेली, ओढे खोल कापले गेले, पाण्याची पातळी खाली गेली आणि आता एल्कनी खाल्लं नाही तरी विलोच्या मुळांना पाणी पोचत नाही. म्हणून एखादा जीव परत आणल्याची बातमी वाचाल तेव्हा तोच कागद परत काढा, आणि तो नसताना माती, पाणी, जागा यात काय बदललं ते प्रत्येक बाणाशेजारी लिहा, कारण "घट"च्या जागी "वाढ" लिहून तो बाण आपोआप उलटा फिरत नाही.