फिश फाइंडर सुरूच होत नाही? मशीनला दोष देण्याआधी या चुका टाळा

"मशीन गेलं." फिश फाइंडर, म्हणजे पाण्याखालचे मासे स्क्रीनवर दाखवणारं बोटीवरचं यंत्र, माझ्याकडे दुरुस्तीला पिशवीत घालून आणणारा जवळजवळ प्रत्येक जण आल्या आल्या हेच म्हणतो. मी ते टेबलावरच्या बॅटरीला जोडतो, बटण दाबतो आणि बहुतेक वेळा स्क्रीन झक्कन उजळते. बिघाड तिकडे बोटीवरच राहिलेला असतो, वायरीत.

माझं सगळ्यात जास्त डोकं उठवणारी चूक म्हणजे मीटरवर १२ व्होल्ट दिसले की "सप्लाय ओके आहे" म्हणून मोकळं होणं. मीही या चुकीपायी एकदा अर्धा दिवस घालवला आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. एका गृहस्थाने जुनं युनिट गेलं असं समजून नवं कोरं आणलं. तेही बोटीवर सुरू होईना. मी जाऊन प्लगपाशी मीटर लावला, तर साडेबारा व्होल्ट! स्विच पॅनल उघडलं, बटण खोललं, कनेक्टरच्या पिना घासल्या. काही नाही. शेवटी वैतागून त्याच प्लगला गाडीच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब जोडला. बल्ब पेटला नाहीच, वर मीटरचा आकडा ३ व्होल्टवर आपटला. मग वायर बोटांनी चाचपत मागे गेलो. फ्यूज होल्डरच्या जरा पुढे ती मऊ लागली. कव्हर सोललं तर आत तांब्याऐवजी हिरवी-काळी भुकटी. एक केसाएवढी तार तेवढी शाबूत होती, आणि तीच मीटरला फसवत होती.

कारण सरळ आहे. डिजिटल मीटर जवळपास काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे त्या एका तारेतूनही त्याला पूर्ण व्होल्टेज दिसतं. मशीनने करंट मागितला की सगळं व्होल्टेज त्या कळकलेल्या जागीच खर्ची पडतं. १२ व्होल्टवरचं युनिट साधारण १० च्या खाली गेलं की तग धरत नाही. म्हणून लोड, म्हणजे करंट ओढणारी एखादी वस्तू, लावून मोजा. मी तो बल्ब कायम पेटीत ठेवतो. पावणेदोन अँपिअर ओढतो, खोटं बोलत नाही. आणि मीटरची काळी पिन इंजिनाला टेकवू नका, प्लगच्याच निगेटिव्हला लावा. नाहीतर बिघाड निगेटिव्ह वायरीत असेल तर तो दिसायचाच नाही.

कळकलेली वायर सापडली की नुसता वरचा इंचभर तुकडा कापून भागत नाही. खारं पाणी तारांच्या फटींतून कव्हरखाली आत चढत जातं. लखलखीत तांबं लागेपर्यंत कापत जा. त्यात वायर अपुरी पडली तर नवी घाला, तीही कल्हई केलेल्या तारांची. पीळ देऊन वर काळी टेप गुंडाळणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलं आहे. ती टेप पाणी अडवत नाही, धरून ठेवते. क्रिंप (दाबून बसवायचा धातूचा जोड) आणि वरून आतून गोंद असलेली, गरम केल्यावर आवळणारी हीट श्रिंक ट्यूब, यापलीकडे मी काही वापरत नाही.

दुसरा रोग फ्यूजचा. काचेचा फ्यूज उजेडात धरून "चांगला आहे" म्हणणारे पुष्कळ. टोपीच्या आत तुटलेली तार डोळ्यांना दिसत नाही. काढून मीटरवर कंटिन्युइटी (तार सलग आहे का) बघा, होल्डरची स्प्रिंगही बघा. आणि ३ अँपिअरचा उडतो म्हणून १५ चा टाकणारे किंवा चांदीचा कागद गुंडाळणारे जे आहेत, त्यांनी एवढं करावं: बोटीवर आग विझवायचं नळकांडं भरलेलं ठेवावं. मॅन्युअलमध्ये लिहिला असेल तोच फ्यूज, बॅटरीच्या जवळ. पुन्हा उडाला तर वायर कुठे घासते ते शोधा.

बाकीच्या चुका किरकोळ, पण रोजच्या. बटण नुसतं टिचकी मारून सोडू नका, काही मॉडेलांना दाबून धरावं लागतं. ब्राइटनेस शून्यावर असेल तर भर उन्हात मशीन बंदच वाटतं. हाताची सावली करून पाहा. प्लग ढकलला, पण कडं फिरवून घट्ट केलं नाही, हेही नेहमीचं. इंजिनाच्याच बॅटरीवर जोडलं असेल तर स्टार्टर मारताना व्होल्टेज कोसळतं आणि मशीन बंद पडतं. आधी इंजिन सुरू करा.

ट्रोलिंग मोटरच्या (बोट हळू चालवणाऱ्या छोट्या विजेच्या मोटरच्या) दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकीमागे एक जोडलेल्या असतील तर दोन्हींच्या टोकांवरून वायर घेऊ नका. तिथे २४ व्होल्ट असतात आणि केवळ १२ व्होल्टसाठी बनवलेलं युनिट त्यांनी जळतं. हा बिघाड मात्र खरोखरच मशीनचा.

यूट्यूब बघून केस उघडणाऱ्यांना हात जोडून विनंती: आतलं सील एकदा सुटलं की पाणी आत शिरायला वाट मिळते. केस उघडण्याआधी ट्रान्सड्यूसर (पाण्यात बसवलेला सेन्सर) आणि मेमरी कार्ड काढा, चार्ज केलेल्या वेगळ्या बॅटरीवरून थेट सप्लाय द्या, फ्यूज मधे ठेवूनच. एवढ्यावरही स्क्रीन काळीच राहिली तर खुशाल घेऊन या. येताना पॉवर केबलही आणा. ती हमखास बोटीवर विसरलेली असते.