कॅम्पर व्हॅन घेऊन एकट्यानं स्पेन: या चुका टाळा

मुर्सिया किंवा अल्मेरियाच्या किनाऱ्याजवळ अशी जागा हमखास सापडते. वाळूचं सपाट रुंद पात्र, दोन्ही काठांवर बोरूची बेटं, दुपारी सावली, रात्री शांतता, आणि पैसे मागायला कुणी नाही. स्पॅनिशमध्ये तिला रांब्ला म्हणतात. वर्षातले बहुतेक दिवस कोरडा असलेला हा ओढा. नवखा माणूस तिथं व्हॅन लावतो, पहिली रात्र सुखाची जाते, आणि सकाळी मुक्कामाच्या जागा सुचवणाऱ्या ॲपवर पाच तारे देऊन तो पुढं निघतो. ते वाचून दुसरा येतो. स्पेनमध्ये व्हॅननं फिरणाऱ्यांच्या चुकांत ही एक अशी आहे की ती सुधारायला दुसरी संधी मिळेलच असं नाही. म्हणून आधी तिच्याबद्दल, आणि सविस्तर.

रांब्लातून येणारं पाणी तिथंच पडलेल्या पावसाचं असतं असं नाही. वर डोंगरात, तीस-चाळीस किलोमीटरवर ढग फुटतो, उघडीबोडकी टणक जमीन पाणी मुरू देत नाही, आणि तुमच्या डोक्यावर चांदणं असताना लोंढा येऊन धडकतो. उन्हाळाभर तापलेल्या भूमध्य समुद्रावर शरद ऋतूत थंड हवेचा एखादा तुकडा वरच्या थरात येऊन अडकला की हे होतं. स्पेनमध्ये त्याला दाना म्हणतात. २९ ऑक्टोबर २०२४ला वॅलेन्सिया प्रांतातल्या तुरीस इथं एका दिवसात ७७१ मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे पुण्याचा जवळपास वर्षभराचा पाऊस. खाली पायपोर्ता गावात त्या संध्याकाळी फारसा पाऊस नव्हताच, तरी पोयो ओढ्याचं पाणी गल्ल्यागल्ल्यांत शिरलं. मोबाइलवर धोक्याचा भोंगा वाजला रात्री ८ वाजून ११ मिनिटांनी. तोवर काही गावांत गाड्या वाहून जात होत्या. त्या पुरात दोनशेहून जास्त माणसं गेली.

रीतसर कॅम्पसाइटवर राहिलं म्हणजे झालं, असंही नाही. ७ ऑगस्ट १९९६ला पिरेनीजमधल्या बिएस्कास गावाजवळची परवानाधारक कॅम्पसाइट अशाच लोंढ्याखाली गेली. ८७ जणांचा जीव गेला. ती जागा आरास ओढ्याच्या तोंडाशी, ओढ्यानंच वर्षानुवर्षं आणून टाकलेल्या गाळावर होती.

म्हणून मुक्कामाची जागा ठरवताना आधी नकाशा उपग्रहाच्या चित्रात उघडा. रस्त्याच्या किंवा जागेच्या नावात रांब्ला, बार्रांको किंवा आरोयो (तिन्ही ओढ्याचीच नावं) यांपैकी काही दिसलं तर तिथं झोपायचं नाही, ऋतू कोणताही असो. जागेवर पोचल्यावर झुडपांकडे बघा. कमरेच्या उंचीवर फांद्यांत वाळलेलं गवत, प्लास्टिक अडकलं असेल तर मागचं पाणी तिथवर आलं होतं. स्पेनच्या हवामान खात्याचे, म्हणजे एमेटचे, इशारे पिवळा, नारिंगी आणि लाल अशा रंगांत येतात. पावसाचा नारिंगी इशारा असेल तर उजेड असतानाच उंचावर निघून जायचं. मोबाइलमधले आपत्तीचे इशारे बंद करू नका. रस्ता ओढा ओलांडतो तिथल्या फरशीवर पाणी वाहत असेल तर परत फिरा. गुडघ्याएवढं वाहतं पाणी व्हॅन ढकलायला पुरतं.

एकट्या माणसाला रात्री उठवायला कुणी नसतं. त्यामुळे झोपण्यापूर्वी व्हॅनचं तोंड बाहेर पडण्याच्या दिशेला, ड्रायव्हरची फिरती सीट पुढं वळवलेली, काचेवरचे पडदे एका हातानं निघतील असे, आणि किल्ली रोज एकाच खुंटीला. अंधारात, अर्धवट झोपेत दोन मिनिटांत गाडी हलवता आली पाहिजे. या तयारीला फार तर पाच मिनिटं लागतात. कंटाळा करणारे अनेक जण आहेत, आणि ते पाहून खरोखर काळजी वाटते.

थांबणं आणि तळ ठोकणं

स्पॅनिश कायद्यात गाडी उभी करणं वेगळं आणि तळ ठोकणं वेगळं. वाहतूक महासंचालनालयाच्या २०२३च्या सूचनेचा सरळ अर्थ असा: गाडी नियमानुसार उभी असेल, जमिनीला फक्त टायर टेकलेले असतील, गाडीच्या आकाराबाहेर काही पसरलं नसेल आणि खाली काही सांडत नसेल, तर आत माणूस झोपला आहे की पुस्तक वाचतो आहे याच्याशी कुणाला घेणं नाही. खुर्ची बाहेर ठेवली, छत्री उघडली, आधाराचे पाय खाली सोडले, बाहेरच्या बाजूला उघडणारी खिडकी उघडी ठेवली, की तो तळ झाला. लोक 'पाच मिनिटं फक्त चहा घेतो' म्हणून खुर्ची काढतात आणि दंड भरतात. चहा आत प्या.

ही मुभा समुद्राच्या वाळूवर लागू नाही. १९८८च्या किनारा कायद्यानं किनाऱ्याच्या सार्वजनिक पट्ट्यात परवानगीशिवाय गाडी नेणं, उभी करणं आणि तळ टाकणं, तिन्हींना बंदी आहे. निसर्ग उद्यानांचे नियम आणखी कडक असतात. अल्मेरियातल्या काबो दे गाता उद्यानात व्हॅनमध्ये रात्र काढता येत नाही, आणि तिथं गस्त खरंच येते. 'कालपर्यंत कुणी काही बोललं नाही' ही ॲपवरची ओळ पुरावा म्हणून चालत नाही. वाहतुकीचा दंड झालाच तर २० दिवसांत भरल्यास निम्मा होतो. वाद घालत बसण्यापेक्षा तो भरून टाकावा.

मुक्कामाची जागा अंधार पडण्याआधी दोन तास पक्की करायची हा नियम मी तरी मोडू देणार नाही. जूनमध्ये गॅलिसियात सूर्य रात्री दहानंतर मावळतो, डिसेंबरात मात्र देशाच्या बऱ्याच भागांत सहाच्या सुमारास काळोख होतो. उन्हाळ्यातल्या वेळा डोक्यात ठेवून हिवाळ्यात निघालेला माणूस रोज अंधारात जागा शोधतो, आणि अंधारात सगळ्या रांब्ला पार्किंगसारख्या दिसतात.

एपी-७ वरचं पंक्चर

फ्रान्सच्या सीमेवरच्या ला जोंकेरापासून बार्सिलोना, वॅलेन्सियाकडे जाणारा हा महामार्ग. परदेशी नंबरपाटीच्या आणि भाड्याच्या गाड्या इथं अनेक वर्षं लुटल्या जातात. पद्धत बदललेली नाही, तरी दर मोसमात नवे लोक सापडतात.

तुम्ही विश्रांतीस्थळावर थांबता, पाच मिनिटं स्वच्छतागृहात जाता. तेवढ्यात मागच्या टायरला बाजूनं बारीक चीर दिली जाते. दहा-पंधरा किलोमीटरनंतर व्हॅन एका अंगाला ओढायला लागते. मागून आलेली गाडी दिवे मिचकावते, शेजारी येऊन माणूस चाकाकडे बोट दाखवतो. तुम्ही कडेला थांबता. तो अगत्यानं उतरतो, तुमच्याबरोबर चाकाशी वाकतो, नकाशा मागतो, काहीतरी बोलत राहतो. दरम्यान त्याचा साथीदार दुसऱ्या बाजूचं दार उघडून सीटवरची पिशवी नेतो. जोडीनं जाणाऱ्यांत एक जण आत बसून राहतो. एकटा माणूस उतरला की गाडी रिकामी, म्हणून त्याला हेरलं जातं.

उपाय सोपा, पण आधीच अंगवळणी पडलेला हवा. विश्रांतीस्थळावरून निघताना दर वेळी गाडीभोवती एक फेरी मारून चारही टायर बघायचे. कुणी हात दाखवला तर कडेला थांबायचं नाही. धोक्याचे दिवे लावून, वेग कमी करून पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत जायचं. रिम खराब झाली तरी चालेल, ती विकत मिळते. थांबावंच लागलं तर काचा वर, दारं आतून बंद, आणि ११२ला फोन. उतरलात तर किल्ली खिशात आणि दार कुलूपबंद. पासपोर्ट सीटवरच्या पिशवीत कधीच नको. भारतीय पासपोर्ट गेला तर आधी पोलिसांत तक्रार, तिची प्रत, मग भारतीय वकिलातीचा फेरा. सहलीचा उरलेला आठवडा त्यातच जातो.

यातच आणखी एक गोष्ट दडली आहे. बऱ्याच कॅम्पर व्हॅनमध्ये स्टेपनी नसतेच, टायरमध्ये फेस भरायची बाटली असते. ती खिळ्याच्या भोकाला चालते, टायरच्या बाजूला दिलेल्या चिरेला नाही. गाडी ताब्यात घेतानाच स्टेपनी आहे का बघा. नसेल तर विम्यातली टोचनसेवा तुमच्या व्हॅनची उंची आणि वजन धरते का, हे लेखी विचारून घ्या.

बिघाड झाल्यावर लावायचा दिवा हाही विसरला जातो. १ जानेवारी २०२६पासून स्पॅनिश पाटीच्या गाडीत त्रिकोणाऐवजी व्ही-१६ नावाचा, इंटरनेटला जोडलेला लुकलुकता दिवा सक्तीचा आहे. तो खिडकीतून हात काढून टपावर चिकटवायचा. तळाला लोहचुंबक असतं, आणि फायबरच्या उंच टपाला लोहचुंबक धरत नाही. अशा वेळी तो ड्रायव्हरच्या दाराच्या पत्र्यावर लावा. कुठं धरतो ते पहिल्याच दिवशी लावून बघा.

फ्रिज पहाटे बंद पडतो

हा प्रश्न इतक्या वेळा विचारला जातो की हिशोबच मांडतो. कंप्रेसर फ्रिज चालू असताना साधारण ४ अँपिअर घेतो. बाहेर २५ अंश असताना तो दिवसाचा तिसरा हिस्सा चालतो, म्हणजे ३२ अँपिअर-तास. कोर्दोबाच्या ४० अंशांत तो दोन तृतीयांश वेळ चालतो, म्हणजे ६४. शंभर अँपिअर-तासाच्या एजीएम, म्हणजे शिशाच्या सीलबंद बॅटरीतून सुखानं वापरता येतात ५०. पहाटे ती बसते, यात फ्रिजचा दोष नाही. लोक मात्र फ्रिज दुरुस्तीला खोलून बसतात.

आधी मल्टिमीटर लावा. फ्रिज, दिवे, पंप बंद करून तासभरानं बॅटरीवर १२.८ व्होल्ट दिसले तर भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. बॅटरीवर आकडा ठीक आणि फ्रिजच्या टोकाला अर्ध्या व्होल्टनं कमी, तर वायर बारीक आहे. तिथं ६ चौरस मिलिमीटरची वायर टाकावी. गाडी दिवसभर चालवूनही बॅटरी भरत नसेल आणि इंजिन युरो ६ या प्रदूषण मानकाचं असेल, तर आल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारं जनित्र) गरज नसताना व्होल्टेज उतरवतो आणि साध्या रिलेतून पुरेसा करंट जात नाही. त्याला डीसी-टू-डीसी चार्जर लागतो, दुसरा जुगाड करू नये.

कॅम्पसाइटवर वीज जोडली की किटली लावताच खटका पडतो, कारण अनेक ठिकाणी जोडणी ६ अँपिअरची असते. २३० व्होल्टवर ती १३८० वॅट होते, आणि किटली असते २००० ची. चहा गॅसवर करा.

खरा उपाय मात्र बॅटरीचा नाही, वाटेचा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये अंदालुसियाच्या खोऱ्यात एकट्यानं व्हॅनमध्ये झोपायला जाऊच नये. कोर्दोबा प्रांतातल्या ला रांब्ला नावाच्या गावात १४ ऑगस्ट २०२१ला ४७.६ अंशांची नोंद झाली. उन्हाळ्यात अस्तुरियास, कांताब्रिया, गॅलिसिया धरा, नाहीतर उंचावर जा. हजार मीटर चढलं की साधारण साडेसहा अंश कमी होतात. तेरुएल प्रांतातलं अल्बारासीन सुमारे ११७० मीटरवर आहे, तिथं ऑगस्टातही रात्री पांघरूण लागतं. दक्षिण ऑक्टोबर ते एप्रिलसाठी ठेवा.

हिवाळ्यात गॅस संपलेला वाटतो

बाटली जड, तरी ज्योत मिणमिणती. स्पेनमधली नारिंगी १२.५ किलोची बाटली ब्युटेनची असते, आणि ब्युटेनचा वायू होणं शून्य अंशाच्या आसपास थांबतं. तेरुएल, कालामोचा आणि मोलिना दे आरागोन हा पट्टा देशातला सर्वांत थंड म्हणून ओळखला जातो. तिथं आणि आविलाच्या पठारावर जानेवारीत हे होणारच. प्रोपेन घ्या किंवा डिझेल हीटर बसवा. जर्मन किंवा ब्रिटिश बाटली स्पेनमध्ये बदलून मिळत नाही. निळी २.७५ किलोची कॅम्पिंगगॅझ मिळते, पण तीही ब्युटेनच. शेगडी पेटवून व्हॅन गरम करणं हा प्रकार मात्र कुणीही, एका रात्रीसाठीसुद्धा, करू नये. कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही. त्याचा अलार्म २५-३० युरोत मिळतो.

भारतातून जाणाऱ्यांसाठी

आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना आणि मूळ लायसन्स दोन्ही जवळ हवीत. उजवीकडून चालवताना चूक गर्दीत होत नाही, पंपातून बाहेर पडताना आणि पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर होते. गोल चौकात आधीपासून आत असलेल्याला वाट द्यायची आणि बाहेर पडायचं ते बाहेरच्याच लेनमधून. लेन चुकली तर आणखी एक फेरी मारा. शहरात एका दिशेला एकच लेन असलेल्या रस्त्यावर मर्यादा ताशी ३० आहे.

जुन्या गावांत, म्हणजे आर्कोस दे ला फ्रोंतेरा, तोलेदो, ग्रानादाचा अल्बायसीन, व्हॅन न्यायचीच नाही. कॅम्परसाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या फियाट डुकातो व्हॅनची रुंदी आरसे सोडून २.०५ मीटर, आणि गल्लीच्या वळणावर मागं बघून हात दाखवायला तुमच्याबरोबर कुणी नाही. गावाबाहेर लावा आणि चालत जा. बार्सिलोनात परदेशी पाटीची गाडी कमी-प्रदूषण क्षेत्रात नेण्याआधी नोंदवावी लागते. मागं सायकली लावल्या असतील तर ५० बाय ५० सेंटिमीटरचा लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा व्ही-२० फलक हवा. दक्षिण टोकावरच्या तारिफात लेवांते, म्हणजे पूर्वेचा जोरदार वारा सुटला की वर उघडणारं छत खाली घ्या आणि व्हॅनचं तोंड वाऱ्याकडे करा. बहुतेक सुपरमार्केटं रविवारी बंद असतात, म्हणून पाणी आणि भाजी शनिवारीच भरा.