गिअरबॉक्स बदलताना मध्यरेषा आणि कोन कसे तपासायचे

नवा गिअरबॉक्स चढवल्यावर काही दिवसांतच टॉपचा गिअर आपोआप सुटू लागला, पायलट बेअरिंग (क्रँकच्या मागच्या टोकातलं, इनपुट शाफ्टचं पुढचं टोक पेलणारं छोटं बेअरिंग) ओरडू लागलं किंवा क्लच प्लेटचा मधला भाग तुटला, तर गिअरबॉक्सला दोष देण्याआधी क्रँकशाफ्ट (इंजिनचा मुख्य फिरता दांडा) आणि इनपुट शाफ्ट (इंजिनची ताकद गिअरबॉक्समध्ये नेणारा दांडा) एका रेषेत आहेत का, ते बघायला हवं. ही तपासणी गिअरबॉक्स बाहेर असतानाच करता येते. इथे इंजिन पुढे, डिफरेन्शियल (मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरसंच) मागे आणि मध्ये गिअरबॉक्सपासून तिथपर्यंत ताकद नेणारा लांब प्रोपेलर शाफ्ट अशी मांडणी गृहीत धरली आहे.

जुना आणि नवा गिअरबॉक्स शेजारी ठेवून इनपुट शाफ्टची लांबी, पुढच्या टोकाचा व्यास, स्प्लाइनच्या (शाफ्टवरच्या लांबट खाचांच्या) दातांची संख्या, माउंटिंगची भोकं, स्पीडोमीटरची ड्राइव्ह आणि रिव्हर्स लाइटचा स्विच जुळवून घ्या. क्लच प्लेट नव्या शाफ्टवर हाताने सरकवून बघा. ती अडखळता कामा नये. जमिनीवर असतानाच प्रत्येक गिअर टाकून शाफ्ट फिरवून पाहा.

जुना काढताना बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडा आणि गाडी स्टँडवर घ्या; नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही शिरू नका. प्रोपेलर शाफ्टच्या फ्लँजवर (जोडणीच्या चपट्या कड्यावर) खुणा करा, म्हणजे तो परत त्याच जागी बसेल. क्रॉस मेंबर (गिअरबॉक्सला खालून आधार देणारी आडवी पट्टी) सोडण्याआधी इंजिनखाली टेकू द्या. तो नसेल तर इंजिन मागे कलतं, होज ताणले जातात आणि माउंटिंग फाटतात.

जागा मोकळी झाली की क्रँकचं मागचं ऑइल सील ओलं आहे का, ते बघा. सील, पायलट बेअरिंग आणि रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग) आत्ताच बदला, कारण यातल्या एकासाठीही पुन्हा सगळं उतरवावं लागतं. पायलटच्या जागी सच्छिद्र ब्राँझचं बुश असेल तर ते बसवण्याआधी तेलात मुरवा. ग्रीस भरू नका, त्याने बुशाची छिद्रं बुजतात.

आता खरं काम. बेल हाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधलं, क्लच झाकणारं घंटेच्या आकाराचं कवच) वेगळं निघत असेल तर क्लच न बसवता ते इंजिनला पूर्ण आवळा. डायल गेजचा (मिमीच्या शंभराव्या भागापर्यंत हालचाल दाखवणाऱ्या काट्याच्या मापकाचा) चुंबकी पाया फ्लायव्हीलवर ठेवा आणि गेजचं टोक गिअरबॉक्स ज्या गोल भोकात बसतो त्याच्या आतल्या कडेला टेकवा. स्पार्क प्लग काढून क्रँक हाताने फिरवा आणि दर ९० अंशांवर आकडा लिहा. सर्वांत मोठा आणि सर्वांत छोटा आकडा यांतला फरक साधारण ०.१३ मिमीच्या आत हवा. गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळी मर्यादा असेल तर तीच पाळा. गेजवरचा फरक प्रत्यक्ष सरकलेल्या अंतराच्या दुप्पट असतो, हे विसरू नका. ०.४० मिमी दिसलं तर मध्यरेषा ०.२० मिमी सरकलेली आहे, आणि दुरुस्तीसाठी ऑफसेट डावेल पिन (हाउसिंग जागेवर धरणारी, मध्यापासून किंचित सरकवलेली खुंटी) ०.२० मिमीचीच लागते. मग गेज हाउसिंगच्या मागच्या सपाट पृष्ठभागावर टेकवून तोही तपासा. या वेळी क्रँक एकाच दिशेला दाबून धरा, नाहीतर क्रँकचा पुढे-मागे होणारा खेळ आकड्यात मिसळतो. इंजिन आणि हाउसिंग यांच्यामध्ये अडकलेला गंज, रंगाचा थर किंवा डावेलच्या भोकाची उठलेली कड एवढ्यानेही हा आकडा बिघडतो, म्हणून आधी साफसफाई करून पुन्हा मोजा आणि मगच पिन बदला.

बेल हाउसिंग गिअरबॉक्सच्याच कास्टिंगचा भाग असेल तर ही मोजणी होत नाही. तिथे सगळा भार डावेल पिनांवर असतो. त्या जागेवर आहेत ना, हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. जुन्या हाउसिंगमध्ये अडकून त्या बाहेर निघून जातात.

क्लच प्लेट अलाइनमेंट टूलने मध्यावर धरा आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे आवळा. स्प्लाइनवर ग्रीसचा अगदी पातळ हात पुरे. जास्तीचं ग्रीस उडून प्लेटवर जातं आणि क्लच घसरतो.

गिअरबॉक्स ट्रान्समिशन जॅकवर इंजिनाच्याच कोनात आणा. अडला तर गिअरमध्ये टाकून मागचा शाफ्ट किंचित फिरवा. शेवटचे १० मिमी बोल्टने ओढून बसवायचा मोह टाळा: त्यात हाउसिंगचा कान फुटतो किंवा पायलट बेअरिंग चेपतं. गिअरबॉक्स इनपुट शाफ्टवर लोंबकळत ठेवला तर प्लेटचा मधला भाग वाकतो आणि पुढे क्लच नीट सुटत नाही. दोन्ही पृष्ठभाग हाताने टेकले की मगच बोल्ट आवळा.

तेलाचा ग्रेड मॅन्युअलचाच. जिथे जीएल-४ सांगितलं आहे तिथे जीएल-५ (हे दोन्ही गिअर ऑइलचे दर्जे) चालवून घेऊ नका, कारण गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या पितळी सिंक्रोनायझर रिंगना त्याची रसायनं मानवत नाहीत. तेल भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत भरा.

प्रोपेलर शाफ्टचे कोन गाडी चाकांवर, सपाट जमिनीवर उभी असताना मोजा. मागची चाकं लोंबकळत असतील तर मोजणी फुकट. डिजिटल कोनमापक गिअरबॉक्सच्या आउटपुट फ्लँजवर, शाफ्टच्या नळीवर आणि डिफरेन्शियलच्या पिनियन (शाफ्टला जोडलेला पुढचा गिअर) फ्लँजवर लावा. समजा गिअरबॉक्स मागे ३ अंश उतरता, शाफ्ट ५ अंश उतरता आणि पिनियनही त्याच दिशेने ३ अंश. पुढच्या क्रॉसवर (शाफ्टच्या टोकाच्या वाकणाऱ्या सांध्यावर) २ अंश, मागच्यावर २ अंश, म्हणजे बरोबर. दोन्ही कोनांतला फरक १ अंशाच्या आत आणि प्रत्येक कोन साधारण ३ अंशांखाली ठेवा. शून्यही नको, कारण क्रॉसमधल्या बेअरिंगच्या सुया (बारीक रोलर) फिरल्या नाहीत तर एकाच जागी खळ पाडतात. फरक जास्त असेल तर गिअरबॉक्सच्या माउंटिंगखाली शिम (पातळ पत्रा) किंवा पाट्याच्या स्प्रिंगखाली पाचर घाला. स्लाइडिंग योक (प्रोपेलर शाफ्टचं गिअरबॉक्समध्ये आतबाहेर सरकणारं टोक) पूर्ण आत ढकलून पाहा. गाडी उभी असताना तळापासून २० ते २५ मिमी मोकळं राहायला हवं.

चाचणीत थरथर आली तर ती कशाबरोबर बदलते, ते बघा. गाडीच्या वेगाबरोबर वाढली, पण गिअर बदलूनही त्याच वेगाला तशीच राहिली, तर प्रोपेलर शाफ्ट किंवा त्याचे कोन. कोन चुकला असेल तर शाफ्टच्या एका फेऱ्यात दोन धक्के येतात. बॅलन्स बिघडला असेल तर एकच. गाडी उभी असताना, न्यूट्रलमध्ये, इंजिनच्या फेऱ्यांबरोबर वाढली तर फ्लायव्हील किंवा प्रेशर प्लेट. आणि क्लच दाबल्यावरच घरघर आली तर रिलीज बेअरिंग किंवा पायलट बेअरिंग. मध्यरेषेची मोजणी वगळली असेल तर गिअरबॉक्स पुन्हा उतरवून तिथूनच सुरुवात करावी लागते.